निकाल लागला, दरखास्तीचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रलंबित खटल्यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. न्यायाधीशांची रिक्त पदे, वाढत्या तारखा, वकिलांची चालढकल हे सगळे त्यात येते, आणि त्यात खोटे काही नसते. पण ही चर्चा निकालाच्या दिवशी थांबते. दिवाणी दाव्यात निकालाच्या दिवशी वादीच्या हातात पडतो तो फक्त हुकूमनामा, म्हणजे कोणाला काय मिळायचे हे सांगणारा कोर्टाचा कागद. जमिनीचा ताबा, अडकलेले पैसे किंवा वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा प्रत्यक्षात मिळवायला त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करावा लागतो. हीच दरखास्त. तिला नवा नंबर पडतो, नवी नोटीस निघते आणि तारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. या देशात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले अपिलाचे सर्वोच्च न्यायपीठ) १८७२ मध्येच म्हणून ठेवले आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता त्यानंतर १९०८ मध्ये आली, तिच्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, तरी ते वाक्य आजही लागू पडते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ च्या निकालात सांगितले की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली निघाली पाहिजे आणि मुदत वाढवायची तर कारणे लेखी नोंदवली पाहिजेत. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची आकडेवारी मागवली. ऑक्टोबरमध्ये जो आकडा समोर आला तो देशभरात ८ लाख ८२ हजारांच्या वर होता. त्यातला सर्वांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या कोर्टांचा, ३ लाख ४१ हजारांच्या आसपास. म्हणजे इतक्या प्रकरणांत कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरून गेले आहे, आणि तरीही बरोबर ठरलेला माणूस कोर्टाच्या आवारातच उभा आहे.

याचे खापर सरसकट बेलीफावर (कोर्टाचे हुकूम प्रत्यक्ष बजावणारा कर्मचारी) किंवा कोर्टाच्या इतर कर्मचाऱ्यांवर फोडले जाते. आमच्या मते पाणी त्याच्या बरेच आधी मुरते. दरखास्त अडते त्यातल्या पुष्कळ प्रकरणांत चूक दावा लिहितानाच झालेली असते.

अतिक्रमणाचा दावा घ्या. दाव्यात मिळकतीचे वर्णन असते, ‘गट नंबर अमुक पैकी पूर्वेकडील दोन गुंठे, प्रतिवादीने अतिक्रमित केलेले.’ साक्षीपुरावे होतात, निकाल वादीच्या बाजूने लागतो आणि हुकूमनाम्यात तेच वाक्य उतरते. चार-सहा वर्षांनी बेलीफ वॉरंट घेऊन शेतात जातो आणि विचारतो, दोन गुंठे नेमके कुठून कुठपर्यंत? बांधाच्या कोणत्या दगडापासून? त्याला उत्तर देता येईल असा एकही कागद फाइलमध्ये नसतो. बेलीफ ‘वर्णनावरून मिळकतीची ओळख पटत नाही’ असा अहवाल देऊन परत येतो, आणि त्याचे काही चुकलेले नसते. दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही. जे लिहिले आहे तेवढेच अमलात आणायचे, त्यात नवीन भर घालायची नाही.

यावर उपाय दाव्याच्या वेळीच करायचा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ (इथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतले नियमांचे प्रकरण), नियम ३ नुसार स्थावर मिळकत ओळखता येईल असे वर्णन द्यावेच लागते; चतु:सीमा किंवा गट नंबर असेल तर तोही. अतिक्रमणात तेवढ्याने भागत नाही. दोन्ही लगतच्या गटांची संयुक्त मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यायची, हवे तर आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून. नकाशात मूळ हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळ्या रेषांनी दाखवलेली हवी, अतिक्रमित क्षेत्राच्या चारही बाजूंची मापे मीटरमध्ये हवीत आणि ती कायम खुणांपासून घेतलेली हवीत. केवळ वादीच्या गटाची मोजणी करून आणलेला नकाशा उलटतपासात टिकत नाही. ज्या भूकरमापकाने मोजणी केली त्याची साक्ष व्हायला हवी, नकाशाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडायला हवी आणि शेवटी, हे सर्वांत जास्त विसरले जाते, तो नकाशा हुकूमनाम्याचा भाग असल्याचे निकालपत्राच्या आदेशात लिहून घ्यायला हवे. ही एक ओळ आदेशात नसल्याने वर्षानुवर्षे रखडलेल्या दरखास्ती प्रत्येक तालुका कोर्टात सापडतील.

दुसरी चूक मागणीतली. ‘दावा मिळकत वादीच्या मालकीची आहे असे जाहीर करून मिळावे’ एवढीच मागणी करायची आणि ताबा मागायचाच नाही. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ नुसार आणखी मागणी करणे शक्य असताना नुसती घोषणा मागितली तर कोर्टाला ती देता येत नाही. आणि एखाद्या वेळी घोषणा मिळाली तरी तिची दरखास्त होत नाही, कारण त्यात प्रतिवादीने काही करायचे असे सांगितलेलेच नसते. कोर्ट फी वाचवण्याच्या नादात ताब्याची मागणी गाळलेली आम्ही पाहतो. ती बचत पुढे फार महागात पडते.

तिसरी गोष्ट, दावा चालू असताना मिळकत विकली जाण्याची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मुळे असा खरेदीदार निकालाला बांधील असतो. पण महाराष्ट्रात १९३९ च्या जुन्या मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवणे शहाणपणाचे. नोंदणीचा खर्च दाव्याच्या एकूण खर्चापुढे किरकोळ आहे. ती नसेल तर ताब्याच्या दिवशी खरेदीखत हातात घेऊन उभा राहिलेला तिऱ्हाईत आणखी काही वर्षे सहज खातो.

आता प्रत्यक्ष दरखास्त. हुकूमनामा निकालाच्या तारखेपासून १५ दिवसांत तयार व्हावा असे आदेश २० सांगतो. दरखास्तीची मुदत १२ वर्षे आहे. कायम मनाई हुकुमाच्या अंमलबजावणीला मुदतीचे बंधन नाही, मात्र अमुक एक भिंत पाडावी, अमुक रस्ता मोकळा करावा अशा आज्ञार्थी हुकुमाला तीनच वर्षे मिळतात. ‘बारा वर्षे आहेत की’ म्हणून बसून राहिलेले पक्षकार भिंतीच्या हुकुमाला कायमचे मुकतात. शिवाय निकालाला दोन वर्षे उलटली की आदेश २१, नियम २२ प्रमाणे दुसऱ्या बाजूला आधी नोटीस काढावी लागते. ती बजावण्यातच सहा महिने जाऊ शकतात. दोन वर्षांच्या आत दरखास्त दाखल केली तर हा टप्पा बहुतेक वेळा लागतच नाही.

अर्जाचा नमुना तक्त्याचा असतो. दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले का, निकालानंतर काही रक्कम पोचली का, आधी दरखास्त केली होती का आणि तिचे काय झाले, व्याज-खर्चासह येणे किती, कोणाविरुद्ध, आणि कोर्टाने नेमकी कोणत्या प्रकारे मदत करावी. शेवटचा रकाना महत्त्वाचा. तिथे ‘कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी’ असे लिहिलेल्या दरखास्ती येतात. कोर्ट आपण होऊन मिळकत शोधत नाही. जप्ती मागायची तर कशाची, अटक मागायची तर कोणाची, ताबा मागायचा तर कशाचा, हे दरखास्तदारानेच लिहायचे असते.

अपिलाबाबत मोठा गैरसमज आहे. अपील दाखल झाले म्हणून हुकूमनाम्याला आपोआप स्थगिती मिळत नाही. आदेश ४१, नियम ५ ते स्पष्टच सांगतो. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करून वेगळा आदेश मिळवावा लागतो, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात साधारणपणे रक्कम जमा करण्याची अट घातली जाते. तरी ‘अपील प्रलंबित आहे’ एवढ्या एका वाक्यावर दरखास्तीत तारखा पडत राहतात. दरखास्तदाराच्या वकिलाने दर तारखेला स्थगितीचा आदेश दाखवायला सांगितले पाहिजे. नसेल तर रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) तसे लिहून घेतले पाहिजे. पक्षकाराच्या मृत्यूबाबतही असेच होते. दाव्यात मुदतीत वारस लावले नाहीत तर दावा त्या पक्षकारापुरता रद्दबातल होतो. हा नियम दरखास्तीला लागू नाही (आदेश २२, नियम १२). तरीही वारसांच्या अर्जावर वर्ष-वर्ष वाद चालतात.

पैशाच्या हुकूमनाम्याचे गणित एकदा मांडून पाहावे. व्यापारी व्यवहार नसेल तर निकालानंतर मुद्दलावर कोर्ट जास्तीत जास्त दरसाल ६ टक्के व्याज देऊ शकते (दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३४), तेही सरळ व्याज. ५ लाखांच्या हुकूमनाम्यावर वर्षाला ३० हजार. हेच पाच लाख बँकेकडून वैयक्तिक कर्ज म्हणून घेतले तर याहून बरेच जास्त व्याज भरावे लागते. म्हणजे ऋणकोला, ज्याने पैसे द्यायचे त्याला, वेळ काढण्यात सरळ फायदा आहे. त्याला कोर्टाचे भय वाटत नाही याचे नवल का करायचे? त्याला स्वस्त कर्ज मिळालेले असते. वकिलाची फी त्यातून वजा केली तरी सौदा परवडतो.

वसुलीचे मार्ग कायद्यात पुरेसे आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. पगाराच्या जप्तीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सोडावे लागतात. जप्तीस पात्र पगार ३१,००० असेल तर १,००० वजा जाऊन ३०,००० उरतात, त्यातले २०,००० सुटतात आणि १०,००० जप्त होतात. पण एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिनेच चालते, पुढे त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मोकळा. म्हणजे या वाटेने २ लाख ४० हजारांच्या वर काही येत नाही. ५ लाखांचा हुकूमनामा असेल तर दुसरी मिळकत पहिल्या दिवसापासून शोधायला हवी. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही. शेतकरी स्वतः राहतो ते घर, त्याची अवजारे, कारागिराची हत्यारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी यांनाही कलम ६० चे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे.

दिवाणी तुरुंगाची धमकी सगळेच देतात. ५,००० रुपयांवरील हुकूमनाम्यात तीन महिन्यांपर्यंत, २,००० ते ५,००० च्या दरम्यान सहा आठवड्यांपर्यंत, आणि २,००० पर्यंत मुळीच नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. ऋणकोची ऐपत आहे आणि तरी तो देत नाही, अशी कोर्टाची कारणांसह खात्री व्हावी लागते. केवळ देणे थकले म्हणून कोणाला आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले. तुरुंगातला त्याचा निर्वाह भत्ता दरखास्तदारालाच भरावा लागतो, हे ऐकल्यावर बरेच पक्षकार गप्प होतात.

यापेक्षा उपयोगी हत्यार कमी वापरले जाते. हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस थकली की आदेश २१, नियम ४१ खाली ऋणकोला त्याच्या सर्व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्याचा हुकूम मागता येतो. त्याचा नमुनाही संहितेतच आहे, परिशिष्ट ‘ई’ मधला १६-अ. आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. बँक खाती, वाहने, जमिनी, दुसऱ्याकडून येणे असलेली रक्कम हे सगळे त्याला शपथेवर सांगावे लागते. खोटे सांगितले तर त्याचे वेगळे परिणाम आहेत. खाते नंबर कळला की बँकेला नोटीस काढून रक्कम थेट कोर्टात आणता येते (नियम ४६-अ). २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय याच्याही पुढे गेले आहे. पैशाच्या दाव्यात वादाचे मुद्दे निश्चित करण्यापूर्वीच प्रतिवादीकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र घेता येईल आणि गरज पडली तर तारणही मागता येईल, असे त्यात म्हटले आहे. हे खालच्या कोर्टांत नियमाने सुरू झाले तर दरखास्तीतला बराचसा शोध निकालापूर्वीच संपेल.

स्थावर मिळकतीचा लिलाव हा सर्वांत लांबचा रस्ता. जप्तीचा आदेश, त्याची दवंडी, जाहीरनाम्यातल्या अटी ठरवण्यासाठी ऋणकोला नोटीस, मग जाहीरनामा, आणि तो लागल्यापासून ऋणकोच्या लेखी संमतीशिवाय १५ दिवसांच्या आत लिलाव नाही. बोली मंजूर झाल्याबरोबर २५ टक्के रक्कम भरायची, बाकीची १५ दिवसांत. ही मुदत कोर्टालाही वाढवता येत नाही. चुकली की फेरलिलाव. पुढे ६० दिवसांत ऋणको खरेदीदाराला ५ टक्के जादा आणि जाहीरनाम्यातली रक्कम भरून लिलाव रद्द करून घेऊ शकतो. हजाराचे येणे वसूल करायला लाखांची जमीन विकली म्हणून लिलाव रद्द झाल्याचीही उदाहरणे आहेत. जेवढ्यात येणे फिटेल तेवढाच भाग विकायचा, हा आदेश २१ मधला नियम ६४ आहे. जप्तीचा आदेश निघाला की त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडे आणि तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्यावी. जप्तीनंतरची खासगी विक्री संहितेच्या कलम ६४ ने जप्तीखालील दाव्यांपुरती निरर्थक ठरते खरी, पण नोंद असेल तर ती विक्री बहुधा होतच नाही.

आता ताब्याचे वॉरंट. कोर्टाचा आदेश झाला, भत्ता भरला, नाझराने (बेलीफांच्या वरच्या अधिकाऱ्याने) वॉरंट बेलीफाकडे दिले. वॉरंटावर परत करण्याची तारीख असते. बेलीफ जातो तेव्हा घराला कुलूप. वॉरंटात कुलूप तोडण्याची परवानगी नाही, म्हणून तो पंचनामा करून परत. मग कुलूप तोडण्यासाठी अर्ज, त्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे, त्यावर आदेश, नवे वॉरंट. दुसऱ्या खेपेला दारात पंधरा माणसे. बेलीफ एकटा, परत. मग पोलीस बंदोबस्तासाठी अर्ज, पुन्हा म्हणणे, आदेश, बंदोबस्ताचे शुल्क, पोलीस ठाण्याकडून तारीख. ती तारीख सणाची किंवा निवडणुकीची निघते आणि तोवर वॉरंटाची मुदत संपते. तिसऱ्या खेपेला पोलीस आहेत, कुलूप तोडण्याचा आदेश आहे, पण आत सामान भरलेले आहे आणि ते कुठे ठेवायचे याचा आदेश नाही. यातला एकही माणूस कायदा मोडत नाही. तरी वर्ष निघून जाते.

हे चारही आदेश एकाच अर्जावर, एकाच दिवशी होऊ शकतात. बंद दार उघडण्याचा अधिकार आदेश २१, नियम ३५ मध्येच आहे, आधी वाजवी सूचना द्यायची आणि पडदानशीन स्त्रियांना बाहेर पडायची सोय द्यायची एवढीच अट. पहिल्याच अर्जात ताबा, कुलूप, बंदोबस्त आणि सामानाची यादी करून ते कोणाच्या हवाली करायचे, असे सगळे मागावे. सोबत छायाचित्रे आणि हुकूमनाम्याचा नकाशा जोडावा. बेलीफाबरोबर जाताना दोन पंच, कुलूपवाला आणि नवे कुलूप घेऊनच जावे. ताबा मिळताच ताबा पावती आणि पंचनाम्यावर तिथल्या तिथे सह्या घ्याव्यात. बाहेर येऊन मग करू म्हटले की दुसऱ्या दिवशी जुने कुलूप पुन्हा लागलेले दिसते.

तिऱ्हाईताने अडवले तर बेलीफाशी वाद घालून उपयोग नाही. नियम ९७ खाली अडथळा दूर करण्याचा अर्ज करायचा, आणि तो अडथळ्याच्या तारखेपासून ३० दिवसांत. त्या माणसाचा हक्क आहे की नाही हे तेच कोर्ट ठरवते, वेगळा दावा लागत नाही, आणि तो निर्णय हुकूमनाम्यासारखाच मानला जातो. ३० दिवस चुकवून नंतर धावाधाव करणारे पुष्कळ. दाव्याच्या काळात ऋणकोकडून मिळकत घेतलेल्या माणसाला मात्र अशी अडवणूक करता येत नाही (नियम १०२). तिथे पुरावा नोंदवत बसण्याचे कारण नसते, आणि तरी तो नोंदवला जातो.

शेतजमिनीच्या वाटपाचे दुखणे वेगळे. जमीन महसूल आकारणीची असेल तर प्रत्यक्ष वाटप कोर्ट करीत नाही. संहितेच्या कलम ५४ नुसार ते काम जिल्हाधिकाऱ्यांचे. कोर्ट फक्त कोणाचा किती हिस्सा ते ठरवते. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. मोजणी शुल्क कोणी भरायचे यावर हिस्सेदारांत वाद, नोटिसा, मोजणी, सरस-निरस मानाने (जमिनीचा कस पाहून) वाटप तक्ता, हरकती, ताबा, फेरफार. या साखळीत कोर्टाची तारीख नसते आणि महसुली कामाच्या ढिगाऱ्यात दिवाणी कोर्टाचा कागद कोणाच्याच पहिल्या दहा कामांत नसतो. मधल्या काळात कब्जात असलेला भाऊ ऊस घेत राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी हुकूमनाम्याबाहेर जाऊन वाटप केले किंवा करायचेच नाकारले तर कोर्टाकडे परत जाता येते. पण नुसते पडून राहिले तर काय, याचे सोपे उत्तर नाही.

त्यात तुकडेबंदीची, म्हणजे ठरलेल्या (प्रमाणभूत) क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला असलेल्या बंदीची अडचण. ३० गुंठे बागायतीत सहा वाटे म्हणजे प्रत्येकी पाच गुंठे, आणि तेवढा तुकडा प्रमाणभूत क्षेत्रात बसत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातच यावर तोड आहे: तुकडा पडत असेल तर त्या हिस्सेदाराला जमिनीऐवजी पैशात भरपाई द्यायची. पण भरपाईची रक्कम ठरवायला लागणारा पुरावा दाव्यात कोणी दिलेला नसतो, कारण प्रत्येकाला जमीनच हवी असते. लहान क्षेत्राच्या दाव्यांत मूल्यांकनाचा पुरावा आधीच देऊन ठेवावा. अवघडल्यासारखे वाटते, पण पुढे तेच लागते.

न्यायाधिकरणांकडे गेले की हा फेरा चुकतो, असे पुष्कळांना वाटते. तिथला निकाल वेगाने लागतो हे खरे, पण वसुलीला हात दुसऱ्याचेच असतात. महारेराने (बांधकाम प्रकल्पांवरचे राज्याचे नियामक प्राधिकरण) परताव्याचा आदेश दिला आणि बिल्डरने पाळला नाही, तर वसुली जमीन महसुलाची थकबाकी समजून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या बाबतीतही मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली असाच वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. विमा कंपनी असेल तर ती रक्कम जमा करते. वाहनाचा विमा नसेल तर खरी परीक्षा तहसील कार्यालयात होते. ग्राहक आयोगाचा निर्णय संहितेच्या आदेश २१ प्रमाणेच अमलात येतो, शिवाय न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड अशी तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे. आमच्या पाहण्यात पैसे लवकर निघतात ते बहुधा याच कलमाखाली, कारण तिथे वेळ काढणे स्वस्त पडत नाही.

लोकअदालतीतला तडजोड निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तिथे शब्द जपून लिहावेत. ‘प्रतिवादी सोयीने रक्कम देईल’ अशी वाक्ये दिवसअखेर प्रकरणांची संख्या वाढवण्याच्या गडबडीत लिहिली जातात. हप्त्याची रक्कम, तारीख, खाते नंबर, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम वसूलपात्र होईल, हे कलम नसेल तर सही करू नये. देणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावे. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली नाही तर दरखास्तीत ती दिली असे धरले जात नाही, आणि ऋणकोला ती नोंदवून घेण्यासाठी अर्ज करायला ३० दिवसच मिळतात. पैसे देऊन पावती खिशात ठेवलेल्या माणसाकडून दुसऱ्यांदा वसुली झालेली आहे.

उच्च न्यायालयाकडे आणि राज्य सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक दिवाणी कोर्टात आठवड्यातला एक दिवस फक्त दरखास्तींसाठी असावा, आणि त्या दिवशी दाव्यांचे पुरावे लावू नयेत. ताब्याच्या वॉरंटाचा छापील नमुना बदलून त्यात कुलूप, बंदोबस्त आणि सामान या तिन्हींचे रकाने असावेत, म्हणजे न्यायाधीशांना एकाच सहीत काम संपवता येईल. बेलीफांची रिक्त पदे भरावीत. एकाच माणसाने सकाळी समन्स बजावायचे आणि दुपारी ताबा घ्यायचा हे होणार नाही. कलम ५४ च्या प्रकरणांची प्रत्येक तहसील कार्यालयात वेगळी नोंदवही असावी, मोजणीपासून ताब्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला दिवस ठरवून द्यावेत, आणि तहसीलदारांनी दर तीन महिन्यांनी संबंधित दिवाणी कोर्टाला अहवाल पाठवावा. निकालानंतरचा ६ टक्के व्याजाचा दर संसदेने बदलेपर्यंत दरखास्तीत वेळकाढूपणा करणाऱ्यावर खर्चाचा बोजा कोर्टांनी खरोखर टाकावा, पाचशे-हजाराचा नव्हे.

आणि आपल्या बातमीदारांना एक विनंती. जिल्हा न्यायालयाच्या कामकाजाची वार्षिक बातमी करताना निकाली निघालेल्या दाव्यांच्या आकड्याशेजारी, त्याच वर्षी किती दरखास्तींत प्रत्यक्ष ताबा किंवा पूर्ण रक्कम मिळाली आणि किती दरखास्ती ‘पावले न उचलल्याने’ निकाली काढल्या, हे दोन आकडेही विचारावेत. दुसरा आकडा आवर्जून विचारावा, कारण सहा महिन्यांच्या मुदतीचा दबाव आल्यापासून दरखास्त संपवण्याची ती सर्वांत सोपी वाट झाली आहे.

आपले,
जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारे काही वकील